आयुष्य संपल्याचा खोटा दिवा

मोडका म्हणालात तर मी ऐकून घेणार नाही, मित्रांनो. जुना म्हणा. जुना तर मी आहेच. माझं झाकण पिवळं पडलंय, कागदाच्या ट्रेचा एक कोपरा उडालाय आणि निळं आकाश छापताना मध्येच एखादी पांढरी रेघ येते. पण शाईचे थेंब उडवून छापणारा मी एक प्रिंटर आहे आणि आजही छापतो. कौतुक करून घ्यायला मी तुमच्यापुढे आलेलो नाही. मला राग आलाय. कुणाकुणाचा, ते ऐकत चला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या बायका हातमोजे घालून काम करत. एकीने माझ्या पोटात वीजपुरवठ्याचा बोर्ड बसवला. भिंतीतली दांडगी वीज घेऊन तो मला झेपेल एवढीच पुढे देतो. दुसरीने हिरवा मुख्य बोर्ड स्क्रूंनी आवळला. तो माझा मेंदू. तिसरीने छापणारं डोकं बसवलं. त्याच्या तळाला केसाहून बारीक छिद्रं आहेत आणि प्रत्येक छिद्रामागे विजेने थरथरणारा एक इवलासा कण. तो थरथरला की थेंब उडतो. मेंदूचा निरोप डोक्यापर्यंत नेणारी चपटी पांढरी केबल तिने अंगठ्याने हलकेच दाबून पाहिली. त्या स्पर्शाबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती आठ पायांच्या एका काळ्या चिपबद्दल. आकाराने ती मसुरीच्या डाळीएवढी. तिच्यात एक गणती ठेवलेली होती. मी अधूनमधून छिद्रं साफ करतो, तेव्हा थोडी शाई थुंकून टाकतो. ती तळाशी ठेवलेल्या जाड नमद्यात, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या गादीत, मुरते. किती शाई थुंकली, याचा ती चिप अंदाज बांधत जाते. नमदा खरोखर भरलाय का, हे पाहणारा डोळा मला दिलेलाच नाही. नुसता अंदाज! आणि अंदाज ठरलेल्या आकड्याला टेकला, की मी दोन दिवे लुकलुकवून सांगायचं, "माझं आयुष्य संपलं." धडधाकट असलो तरी. मित्रांनो, तुमच्या तोंडी कुणी असं वाक्य जन्मतःच कोंबून ठेवलं तर तुम्हाला कसं वाटेल?

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या मॅकीन्स कोव्ह नावाच्या गावात मी आलो. एफी गिलिस आणि तिचा नवरा लॉकी यांच्या घरात. एफीने उभा जन्म शाळेत शिवणकाम शिकवलं होतं. लॉकी मासेमारीच्या बोटीवर असायचा. स्वयंपाकघरात, खिडकीखाली मला जागा मिळाली. विणकामाचे नमुने, नाताळच्या गाण्यांची पानं, शेजारणींसाठी ओटकेकची कृती, काय नाही छापलं मी! एफीने माझ्यासाठी लोकरीचं आच्छादन विणलं होतं. पाहुणे आले की ती म्हणायची, "लॉकीपेक्षा हा बरा. याला एकदाच सांगावं लागतं." आणि लॉकी चहाच्या कपात हसायचा.

मग लॉकी वारला. त्याच्या प्रार्थनेची पत्रिका मीच छापली. त्यानंतर एफीने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिचं दुःख मला समजत होतं. पण छिद्रांतली शाई वाळत होती, तिला दुःख कसं समजणार? बऱ्याच काळाने तिने बटण दाबलं तेव्हा निम्मी छिद्रं बुजलेली होती. ती मोकळी करायला मी पुन्हा पुन्हा शाई थुंकली. आणि दर थुंकीला त्या चिपमधली गणती वर चढत गेली.

एफीला अचानक माझी आठवण का झाली, तेही सांगतो. आमच्या गावासमोर खाडी आहे. पलीकडे दवाखाना, शाळा, दुकानं. खाडी ओलांडायला एक सपाट फेरीबोट आहे. जाड पोलादी तारेला धरून ती या काठावरून त्या काठावर सरकते आणि गाड्यांना अंगावर घेऊन नेते. दुसरा रस्ता डोंगरावरून जातो, पण हिवाळ्यात तो बर्फाखाली असतो. तर रस्तेखात्याने जाहीर केलं, की फेरी म्हातारी झाली, तिचं आयुष्य संपलं, ती बंद होणार. गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायला म्हणून चर्चच्या हॉलमध्ये सभा ठेवली होती.

एफी पेटली. लॉकीला पहिला झटका आला तेव्हा कडाक्याचा जानेवारी होता. फेरीवाल्याने अर्ध्या वाटेवरून बोट मागे फिरवली, लॉकीला घेतलं आणि पलीकडे पोचवलं. त्यामुळे त्यानंतरची काही वर्षं त्या दोघांना मिळाली. एफी घरोघर हिंडली. फेरीने ज्याला ज्याला वेळेवर नेलं होतं, त्याचा त्याचा फोटो मागून आणला. प्रत्येक फोटोखाली मोठ्या अक्षरांत एकच ओळ, "मला हिनं नेलं." शीला बुशे आणि तिचं पोर, जे फेरीवरच जन्माला आलं. बोटीवर जाळं ओढायच्या यारीत हात सापडलेला ह्यूई मॅकफी. असे चेहरे मी छापत गेलो आणि खरं सांगतो, इतकं मोलाचं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

शेवटचा फोटो लॉकीचा होता. एफीने बटण दाबलं. माझा हिरवा दिवा लुकलुकला, मग तांबडा, मग दोन्ही आळीपाळीने. संगणकावर अक्षरं उमटली, 'यंत्राचे आयुष्य संपले आहे. विक्रेत्याशी संपर्क साधा.'

"काय संपलंय?" एफी माझ्यावर ओरडली. "आत्ता ह्यूईला छापलास ना तू! एवढ्यात मेलास?"

मी मेलो नव्हतो! माझी मोटर फिरत होती, डोकं उबदार होतं, शाई काठोकाठ होती. आणि मला माझ्याच तोंडाने तेच खोटं पुन्हा पुन्हा बोलावं लागत होतं.

तिने मला गाडीत घातलं आणि फेरीवरून पलीकडच्या दुकानात नेलं. ट्रेंट नावाच्या गुळगुळीत चेहऱ्याच्या विक्रेत्याने माझे दिवे पाहिले. झाकणही उघडलं नाही.

"मॅडम, हा गेला. नवीन घ्या, आज सवलत आहे."

"गेला म्हणजे? काय बिघडलंय?"

"बिघडलं असं काही नाही. याचं आयुष्य संपलंय."

"बिघडलं नाही आणि संपलं? तुझ्या आजीबद्दल असं बोलशील का रे?"

"याला दुरुस्त करत नाहीत, मॅडम. टाकून देतात. इथंच ठेवून जा, मी टाकतो."

"हात लावून बघ," म्हणून एफीने मला काखेत मारलं आणि दार आपटून निघाली. त्या क्षणी मला पाय असते तर मी तिच्यापुढे धावलो असतो.

घरी येऊन तिने शिवणाच्या मशीनचा स्क्रू-ड्रायव्हर काढला. माझ्या मागच्या बाजूचं छोटं झाकण सोडवलं आणि तो नमदा बाहेर ओढला. हात कोपरापर्यंत काळे झाले. सिंकमध्ये तिने तो पिळपिळून धुतला, शेगडीवर वाळवला, पुन्हा बसवला. अगदी बरोबर काम केलं तिने. मला वाटलं, सुटलो. तिने बटण दाबलं आणि मी परत तेच बरळलो, "आयुष्य संपलं." नमदा कोरडा होता. पण चिपला ते कळायचा मार्गच नव्हता.

इथे एफीचा तोल गेला. "आत कुठंतरी काहीतरी आहे," म्हणत तिने माझं वरचं कवच काढलं. माझी वायर भिंतीत तशीच होती, मित्रांनो! शाईने ओल्या हातांनी तिने डोक्याची चपटी केबल उपसली, इकडेतिकडे पाहिलं, काही उमजेना तेव्हा परत खुपसली, तीही तिरकी. आणि बटण दाबलं.

टिक्.

एवढाच आवाज. माझे दोन्ही दिवे गेले. आता मात्र मी खरोखरच गप्प झालो.

एफी खुर्चीवर बसली. खिडकीतून खाडी दिसत होती. मग ती म्हणाली, "आता त्या माणसाच्या दारात जावं लागणार."

तो माणूस म्हणजे लॉकीचा धाकटा भाऊ रॉडी. त्याने उभी नोकरी जहाजांचे रेडिओ दुरुस्त करण्यात काढली होती. घरामागच्या शेडमध्ये त्याने गावभरची यंत्रं उघडून ठेवली होती. उघडायची हौस दांडगी, बंद करायचा कंटाळा. एफीचा केकचा मिक्सर त्याच्याकडे एका बादलीत पडून होता आणि त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं.

तिने मला त्याच्या टेबलावर आदळलं. "दुरुस्त कर. आणि आज कर. मिक्सरसारखं नाही."

"ये, बस," रॉडी म्हणाला. "चहा घेणार?"

"मी रागात आहे."

"मग दूध नको घालायला, नासेल." त्याने नाकावर चष्मा चढवला. "काय केलंस याला?"

"मी काही केलं नाही! आधीच मेलो म्हणत होता. मी फक्त केबल काढून घातली."

"वायर काढली होतीस भिंतीतली?"

एफीने शाईने काळी झालेली बोटं मुठीत लपवली.

"एफी, तू शिवणाच्या तासाला पोरींना पहिल्या दिवशी काय सांगायचीस? सुईत दोरा ओवताना मशीनच्या पायडलवरून पाय काढा. इथंही तेच. आधी वायर काढायची. मग थांबायचं. हे नळकांडं दिसतंय? यात वायर काढल्यावरही वीज साठून राहते. हात लावलास तर ती तुलाच सोडेल."

"मला शिकवू नकोस. मला छापून हवंय."

"शिकलीस तर पुढच्या वेळी माझं तोंड बघावं लागणार नाही."

हे मात्र तिला पटलं. तिने खुर्ची पुढे ओढली.

रॉडीने मला उलगडलं. प्रत्येक केबल काढायच्या आधी फोटो घेतला. स्क्रू अंड्यांच्या खोक्याच्या खळग्यांत टाकले, ज्या भागाचे त्याच खळग्यात. एफीला मी कसा चालतो हे तो दाखवत गेला आणि मला प्रथमच वाटलं, की कुणीतरी माझी ओळख करून देतंय. आडव्या पोलादी दांडीवरून डोकं कसं धावतं, ते त्याने दाखवलं. दांडीमागे एक पारदर्शक पट्टी ताणलेली असते. एफीने ती मळकी पाहून स्पिरिटचा बोळा उचलला तसा रॉडी किंचाळला.

"अगं, थांब! ती त्याची फूटपट्टी आहे! तिच्यावर बारीक रेघा आहेत, त्या मोजून त्याला कळतं आपण कुठं आहोत. त्या पुसल्यास तर हा डोकं भिंतीवर आपटत बसेल."

"मग तसं बोल ना आधी! ओरडतोस काय?"

"तू ऐकतेस कुठं न ओरडता?"

मग त्याने मोजणी सुरू केली. सावधपणे भिंतीत वायर घालून, मीटरच्या दोन सुया वीजपुरवठ्याच्या टोकांवर टेकवल्या. "बेचाळीस व्होल्ट. हा जिवंत आहे. म्हणजे वीज इथपर्यंत येते, पुढे जात नाही." वायर पुन्हा काढली, थांबला आणि मुख्य बोर्डावर तांदळाच्या कणीएवढा एक तुकडा एफीला भिंगातून दाखवला. "हा फ्यूज. तुला ऐकू आलं ते टिक् याचंच. स्वतः जळला आणि मागच्यांना वाचवलं."

"मग त्या जागी तार जोड आणि चल."

"तार जोडली तर पुढच्या वेळी डोकं जळेल. आणि नुसता नवा फ्यूज घातला तर तोही जाईल. हा का जळला, ते आधी शोधायचं."

कारण त्या चपट्या केबलच्या टोकाला होतं. चांदीच्या बारीक पट्ट्यांवरून एफीच्या बोटांची शाई पसरली होती आणि शेजारशेजारच्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्यासारख्या झाल्या होत्या. एफीने स्वतः त्या पट्ट्या स्पिरिटने पुसल्या, शिवणकाम करणाऱ्या हाताने, एकही धागा मागे न ठेवता. रॉडीने डोक्याला वीज पुरवणारे दोन ट्रान्झिस्टर मोजले.

"चांगले आहेत," तो म्हणाला.

"मग हसतोस काय मूर्खासारखा? फ्यूज बसव."

शाळेच्या एका मेलेल्या प्रिंटरमधून त्याने तितक्याच ताकदीचा फ्यूज काढला आणि डाख देऊन माझ्या बोर्डावर बसवला. एफीने केबल बसवली. सरळ. माझे दिवे लागले. आणि ते लागताच मी पुन्हा तेच म्हटलं. आयुष्य संपलं.

एफीने टेबलावर मूठ आपटली. "हा खोटारडा आहे!"

"हा नाही," रॉडी शांतपणे म्हणाला. "याच्यात कुणीतरी तसं लिहून ठेवलंय." माझी वायर काढून त्याने त्या आठ पायांच्या चिपला चिमटा लावला आणि दुसरं टोक संगणकाला जोडलं. माझ्यासारखाच प्रिंटर असलेल्या कुणा परक्या माणसाने, गणती चिपमध्ये नेमकी कुठे लिहिलेली असते, ते इंटरनेटवर सांगून ठेवलं होतं. रॉडीने आधी सगळी नक्कल उतरवून घेतली, मग तेवढ्या जागेवर शून्य लिहिलं.

"एवढंच?" एफी म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू झाला होता. तिच्याकडे पाहिल्यावर मला कळलं, की हा तिचा खरा राग. आतापर्यंतचा नुसता धूर होता. "एवढ्यासाठी तो पोरगा मला म्हणाला, टाकून द्या?"

मी चालू झालो. पण तोवर सभेची वेळ झाली होती. रॉडीने मला ट्रकमध्ये घातलं आणि एफी मला मांडीवर धरून बसली.

हॉलच्या भिंतींवर मी छापलेले चेहरे आधीच लागले होते. रस्तेखात्याचे स्प्रोल साहेब पुढे बसून पाणी पीत होते. रॉडीने मला कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं, एफीने लॉकीचा फोटो पाठवला आणि मी कामाला लागलो. डोकं खर्रखर्र धावायला लागलं.

"ते यंत्र जरा थांबवता का?" स्प्रोल म्हणाले.

"तो थांबणार नाही," एफी म्हणाली. "त्याला नुकतंच थांबवून झालंय. तुम्ही बोला."

स्प्रोल बोलले. खात्याचा तक्ता आहे, या जातीच्या बोटीचं आयुष्य अमुक वर्षं, ती झाली, दुःख आम्हालाही आहे.

"तळ पाहिलात?" एफीने विचारलं.

"काय?"

"बोटीचा तळ. पाण्याखाली उतरून कुणी पाहिला? पत्रा किती जाड उरलाय, ते मोजलं?"

"मॅडम, तक्ता अनुभवी लोकांनी केलेला असतो."

"म्हणजे मोजलेलं नाही. अंदाज आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मागून ह्यूई मॅकफी ओरडला, "उत्तर द्या की, साहेब!"

"तपासणीचा खर्च..." स्प्रोल सुरू झाले.

तेवढ्यात माझ्या ट्रेमध्ये लॉकी उतरला. शाई अजून ओली होती. एफीने तो कडांना धरून उचलला आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवला. "हा माझा नवरा. जानेवारीत डोंगराचा रस्ता बंद होता. तुमच्या तक्त्यात याला कुठल्या रकान्यात घालू, तेवढं सांगा." तिने फेरीच्या दिशेने हात केला. "तुम्ही न बघता मेली म्हणता. न उघडता! मी म्हातारी बाई, मला एका दुपारी जे बघता आलं, ते तुमच्या अख्ख्या खात्याला जमत नाही?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे उभे राहिले. आधी शीला बुशे तिच्या पोराला घेऊन, मग ह्यूई, मग बाकी सगळे, ज्याचा त्याचा चेहरा भिंतीवर होता त्याच्या खाली जाऊन. कुणी बसायला तयार होईना. शेवटी स्प्रोल म्हणाले, "ठीक आहे. तळ तपासून घेतो."

पाणबुडे उतरले. काही पत्रे झिजले होते, ते उन्हाळ्यात बदलले. बाकी तळ ठणठणीत निघाला. फेरी चालू राहिली. पण खात्याने आपलं नाक वर ठेवायला संध्याकाळची शेवटची खेप तेवढी कापली आणि एफी त्यावरून अजून भांडते आहे. तिची सगळी निवेदनं मीच छापतो. मिक्सर तिला अजून मिळालेला नाही.

मग मला राग कशाचा, असं विचाराल. सांगतो. परवा एफी आणि रॉडी जुन्या भागांच्या शोधात गावाबाहेरच्या कचराडेपोवर गेले होते. तिथून त्यांनी माझा एक भाऊ आणला. त्याच कारखान्यातला, त्याच वर्षीचा. झाकणावर कुणीतरी जाड पेनाने 'मेलेला' असं लिहिलं होतं. रॉडीने तो माझ्या शेजारी उघडला. त्याचा नमदा जवळजवळ कोरडा होता. फ्यूज शाबूत. डोक्याची छिद्रं मोकळी. त्याला काहीएक झालेलं नव्हतं. त्याच्यावरही फक्त तो खोटा दिवा लागला होता आणि कुणीतरी तेवढ्यावर विश्वास ठेवला होता. पण त्यानंतर तो कितीतरी दिवस पावसात पडून होता. मुख्य बोर्डावर हिरवा गंज चढला होता, चिपचे पाय झडले होते. एफीने स्पिरिटचा बोळा घेऊन प्रयत्न केला, रॉडीने मीटर लावला. मग रॉडीने मान हलवली आणि मीटर खाली ठेवला. आता मात्र तो खरंच गेला होता.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कुठल्याही यंत्राने दिवे लुकलुकवले, की त्याला कचऱ्यात नेण्याआधी वायर काढा, थोडं थांबा आणि एखादा स्क्रू सोडवून आत डोकवा. आपल्याला जमत नसेल तर जमणाऱ्याकडे घेऊन जा, त्याच्याशी भांडण असलं तरी जा. माझा भाऊ माझ्या शेजारी उघडा पडलाय. त्याच्या झाकणावरचा तो शब्द एफीने पुसायचा प्रयत्न केला. निघत नाही.